दिगूच्या नाटकातली आई

दिगू, परवा धुळ्याला आपला प्रयोग झाला. कसा झाला ते शेवटी सांगीन. तुला नेहमी सगळं आधी पाहिजे असायचं, पडदा वर जायच्या आत शेवट ठरला पाहिजे, असा तुझा हेका. आज मात्र लेका तुला थांबावं लागेल. आता तुला कुठं घाई आहे?

तू गेलास त्याला अजून महिनाही व्हायचाय आणि मी तुझी थट्टा करतोय. पण मला दुसरं येतच नाही. आपण एकमेकांशी सरळ बोललो कधी? भांडलो, तोंड फिरवून बसलो आणि मधल्या वेळात नाटकं केली. तुझ्या शोकसभेत आपल्या नाटकमंडळीचे अध्यक्ष म्हणून नाना वकील उभे राहिले. तुला 'अमळनेरच्या रंगभूमीचा उगवता तारा' म्हणाले. मी मागे बसून दात खात होतो. तारा कसला आलाय! सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गठाणींवर छाप मारणारा कारकून तू, सदऱ्याला कायम रुई चिकटलेली, आणि डोक्यात नाटकाचं खूळ. तसं म्हणाले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मला तू कुठं धरलंस ते आठवतं ना? शेठच्या दुकानात मी लुगडी दाखवत होतो. गिऱ्हाईक बाई हटून बसली होती, काठ अंगावर कसा पडतो ते कळत नाही म्हणून. माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी मीच ते लुगडं खांद्यावर टाकलं, डोक्यावर पदर घेतला आणि गर्रकन वळून म्हटलं, "हे घ्या, असा पडतो!" ती बाई लाजून पदराआड हसायला लागली. तू शेजारी धोतरजोडी बघत उभा होतास. धोतर तसंच टाकलंस, माझा हात धरलास आणि म्हणालास, "तुला घेतलं."

"कशात घेतलं?"

"नाटकात. बाईचं काम."

"तुला विचारलंय कोणी?" मी म्हटलं. त्या दिवसापासून मी तुझ्या सगळ्या नाटकांत बाई झालो. आधी नायिका, मग मिशा दाट व्हायला लागल्या तशी विधवा बहीण, आणि शेवटी आई. घरात बायको म्हणायची, लुगडं माझ्यापेक्षा तुम्हालाच चांगलं दिसतं. तिला काय माहीत, नुसतं चालायला शिकवताना तू माझ्या पायांचे किती हाल केलेस.

आपलं नाट्यगृह म्हणजे तुझं बंद जिन. वैशाखात शेवटची गाडी रिकामी झाली, यंत्रं थांबली, की मालकाच्या हातापाया पडून तू किल्ली मिळवायचास. मग दिवाळीपर्यंत ते लांबलचक पत्र्याचं छप्पर आपलं. पुणे-मुंबईच्या मंडळ्या हंगाम बघून दौरे काढत असतील; आपला हंगाम कपाशी ठरवायची. नवी बोंडं फुटली की आपला राजा वखारीत, प्रधान वजनकाट्यावर आणि विदूषक बैलगाडीवर. कापूस आला की नाटक गेलं, असं सगळे हसून म्हणायचे. तू हसायचा नाहीस.

आणि ती रुई! तुळईवर, पत्र्यावर, कोपऱ्याकोपऱ्यात वर्षभराची रुई अडकलेली. जरा जोरात संवाद म्हटला की भुरभुर खाली यायची आणि घशात जायची. अख्खी मंडळी खोकायची. एकदा शोकाच्या प्रसंगात माझा घसा असा काही बसला की नुसतं घरघरणं बाहेर पडलं, तर तू टाळी वाजवून ओरडलास, "हेच! हेच पाहिजे होतं!" मी म्हटलं, "अरे गाढवा, पाणी आण."

तालमीला कोणी आलं नाही की तू काय करायचास? सरकीचं पोतं उभं करायचास, त्याच्या डोक्यावर त्या नटाची पगडी ठेवायचास आणि म्हणायचास, "हा प्रधान. याच्याशी बोल." श्रावणात तर असा एक दिवस आला की आपण दोघे आणि बाकी सगळी पोतीच पोती. मी वैतागून म्हटलं, "दिगू, हे नाटक नाही, हे अडतदुकान आहे." तू म्हणालास, "पोतं मधे बोलत नाही, वेळेवर येतं आणि आपलं काम मोठं करा म्हणून रुसत नाही. तुझ्यापेक्षा बरं." आणि तालीम पुरी केलीस. मी तुला विचारलं, तुला कंटाळा येत नाही का रे? मला वाटलं, आता काहीतरी मोठं, ध्येयबिय सांगशील. तू म्हणालास, "येतो की. फार आला की त्या दिवशी तालीम लवकर सुरू करतो." तेव्हा मला राग आला होता. मला वाटलं, हा मला उडवून लावतोय. आता दुकानात कापड फाडताना ते वाक्य मनात येतं आणि वाटतं, गड्या, तुझी सगळी विद्या एवढीच होती आणि ती तू मला फुकट दिलीस.

गाद्यांची गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार, तू कितीही चिडलास तरी. लोक अर्ध्यातून उठून जातात याचा तुला घोर लागला होता. तू शोध लावलास की जमीन टोचते म्हणून जातात. मग काय, जिनाच्या आवारात प्रयोग लावलास आणि मालकाला न सांगता सगळीकडे हातभर जाडीचा कापूस पसरून वर तरट टाकलंस. लोक आले, बसले, "वा वा" म्हणाले. दिवसभर शेतात राबून आलेली माणसं ती! पहिल्या अंकात टेकली, दुसऱ्या अंकात आडवी झाली. तिसऱ्या अंकात मी ऊर बडवून रडतोय आणि समोर घोरण्याचा सूर लागलाय. मी विंगेत येऊन तुला म्हटलं, कपाळ माझं, एक माणूस जागा नाही! तू बाहेर डोकावलास, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "पण उठून कोणी गेलं नाही." आणि आपण दोघं विंगेत बसून तोंडात पदर कोंबून हसलो. पदर माझाच.

आता त्या भांडणाकडे येतो. ते टाळून चालायचं नाही.

आपल्याकडच्या नाटकांत राजा शुद्ध बोलतो, राणी शुद्ध बोलते, साधू तर विचारूच नका. अहिराणी कोण बोलतो? गडी. तो आला, त्याने "काय शे मालक?" म्हटलं, की हशा. घरी आपण सगळे तेच बोलतो आणि तिकीट काढून त्यालाच हसतो. तुझ्या डोक्यात आलं की एका नाटकात आई अहिराणी बोलेल. गडी नाही, मोलकरीण नाही, आई. मुलगा शिकायला परगावी गेला तो तिकडचाच झाला. ती रोज गाडीच्या वेळेला ओट्यावर येऊन उभी राहते. बाकीची पात्रं पुस्तकी बोलणार आणि तीच एक आपल्या बोलीत. ते काम मी करायचं.

"लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत. मग थांबतील."

"नाही थांबणार. या भाषेला हसायचं हे लोकांनी ठरवून टाकलंय. तू एक नाटक करून त्यांचं तोंड बंद करणार?"

"वश्या, आपली माय काय विनोदी पात्र आहे का रे?"

मी म्हटलं, आपली माय रंगभूमीवर जातच नाही, हाच तर मुद्दा आहे. घरातलं घरात. मग त्या संध्याकाळी बोरी नदीच्या पात्रात वाळूवर बसलो होतो तेव्हा तू आपणहून सांगितलंस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. तू धुळ्याला शाळेत होतास, वसतिगृहात राहात होतास. माय गावाहून लाडू घेऊन आली, दारात उभी राहून तिनं मोठ्यांदा तुला हाक मारली, दोन वाक्यं बोलली. पोरं हसली. तिची नक्कल करायला लागली. "आणि मी पण हसलो त्यांच्याबरोबर," तू म्हणालास. "तिला वाटलं, पोरगा आपल्याला बघून खुश झाला. ती पण हसली." वाळूत बोटानं रेघा ओढत होतास. तुझ्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता, पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "चल, थंडी वाजतेय."

पण माझं मत बदललं नाही रे. दुःख खरं असलं म्हणून नाटक बरोबर ठरत नाही, असं मी तेव्हाही म्हणालो होतो आणि तू मला दगड म्हणाला होतास.

चोपड्याला पहिला प्रयोग. जळगावहून आणलेले पडदे, नव्या गॅसबत्त्या, समोर केळीवाले, कपाशीवाले, सगळे आपलेच. मी ओट्यावर आलो, पहिलं वाक्य बोललो आणि मांडवभर खसखस पिकली. दुसऱ्याला आणखी जोरात. मी रडलो तेव्हा मागून कोणीतरी माझ्यासारखं रडून दाखवलं. नाटक संपलं तेव्हा एक भले गृहस्थ आत येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय हसवलं हो तुम्ही!" तू त्यांना नमस्कार केलास. परतीच्या छकड्यात तू पाठ करून बसलास. मी 'बघ, मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. एवढं तरी माझ्या खात्यावर मांड.

मग तू घरात पडून राहिलास, भिंतीकडे तोंड करून. कामावर नाही, जेवण नाही. माय दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "याले काय जयं रे, वसंता? बोलत नही, चालत नही." मी आलो. तुला हाका मारल्या, हलवलं, समजूत घातली. पालथ्या घड्यावर पाणी. मग मला एक युक्ती सुचली. तुझ्या उशाशी बसलो आणि आईचे सगळे संवाद म्हणायला लागलो, पण शुद्ध, पुणेरी, नाकातून. 'अगंबाई, माझा बाळ का बरे आला नाही?' वगैरे. हात छातीशी, मान तिरपी. पहिल्यांदा तुझी पाठ हलली. मग कान लाल झाले. मी आणखी लाडिक केलं. शेवटी तू ताडकन उठून बसलास आणि ओरडलास, "अरे मेल्या, ती माय आहे, न्यायाधीशाची बायको नाही! परत म्हण! नीट म्हण!" आणि पहिल्यापासून तालीम घ्यायला लागलास, तशीच, अंथरुणावर, दाढी वाढलेली. माय दारात उभी राहून आपलीच भाषा दोन पुरुषांच्या तोंडून ऐकत होती. तिनं भाकर आणून तुझ्यापुढे ठेवली. "जेवाले बठ आधी. नाटक काय पळी जास का?" तू एका हातानं खात होतास आणि दुसऱ्या हातानं माझा पदर सारखा करत होतास. दिगू, मला कोणी विचारलं ना, की तुझा सगळ्यात चांगला प्रयोग कोणता, तर मी तोच सांगीन.

त्यानंतर तू ठरवलंस, आता धुळ्याला. थेट धुळ्याला, जिथं ती पोरं हसली होती. आणि मग ताप आला.

विषमज्वर म्हणाले डॉक्टर. मी रोज दुकान सुटलं की यायचो. शेवटच्या दिवशी तू डोळे उघडून विचारलंस, "धुळ्याचं ठरलं ना?" मी म्हटलं, "आधी पेज पी." बस. हेच आपलं शेवटचं बोलणं. लोक मरणाऱ्या माणसाला काय काय सांगतात! मी म्हटलं पेज पी. ठरलं म्हटलं असतं तर जीभ झडली असती का माझी? आणि हेही सांगायचं होतं की लुगडी दाखवणाऱ्या माणसाला तू माणसांसमोर उभं केलंस, त्याच्या आवाजाला काही किंमत आहे असं त्याला वाटायला लावलंस. मी तुझा फार ऋणी आहे रे. समोर म्हटलं असतं तर तू 'पुरे, पदर सांभाळ' म्हणाला असतास, म्हणून इथे म्हणून घेतो.

तेरावा झाल्यावर मंडळीची बैठक झाली. धुळ्याचा मांडव ठरलेला, सांगावा गेलेला. काहींचं म्हणणं, प्रयोग रद्द करा. नाना वकील म्हणाले, रद्द कशाला, दिगंबरच्या स्मरणार्थ करू. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "फक्त वसंतराव, तेवढी आईची भाषा नीट करून घ्या. धुळ्याचे वकील, मामलेदार पुढे बसणार. चोपड्यासारखं झालं तर मेलेल्या माणसाचं हसं होईल. तुम्हालाही ते पसंत नव्हतंच."

अगदी खरं होतं. मला पसंत नव्हतंच. तू असतास तर मी नानांच्या बाजूनं बोललो असतो. पण 'नीट' शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नीट म्हणजे काय हो नाना? तुमची आई घरात काय बोलते? मी येतो ना तुमच्याकडे कापड घेऊन. मला माहीत आहे काय बोलते!" नानांचा चेहरा पडला. मी म्हटलं, एक अक्षर बदललं तर मी काम करणार नाही, आणि आईचं काम दुसऱ्या कोणाला पाठ नाही. नाना म्हणाले, "हसले तर?" मी म्हटलं, "हसले तर मला हसतील." बोललो खरा. लोक हसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि या खेपेला ते तुझ्या सरणाला हसल्यासारखं होणार होतं.

त्यात मायनं सांगितलं, मी येणार. तुझं एकही नाटक तिनं पाहिलं नव्हतं. आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरगा जाऊन महिना नाही आणि ही नाटकाला निघाली! माझ्या बायकोनं समजावलं, मी समजावलं. मला तर नकोच होती ती तिथं. एकदा तिच्यादेखत त्या गावात तिच्या बोलण्याला हसले होते, पुन्हा तेच? पण मी ते तिला कसं सांगणार? ती एवढंच म्हणाली, "मन्हा आंडोरनं नाटक शे. दखाले नको जाऊ का मी?" पोटच्या पोराचं नाटक बघायला ती निघालीच. सर्व्हिस मोटारीत ती खिडकीशी बसली आणि धुळे येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

मांडव भरलेला. पुढे खुर्च्यांवर मामलेदार, वकील, शाळामास्तर. डाव्या हाताला चिकाचा पडदा लावून वेगळ्या बसवलेल्या बायका, त्यात माय, पांढऱ्या लुगड्यात. माझा पदर दोनदा सुटला. नाना विंगेत उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी ओट्यावर आलो. कपाळावर हात आडवा धरून गाडीच्या वाटेकडे बघितलं, पोरगा आलेला दिसेना, आणि म्हटलं,

"मन्हा आंडोर आज बी उना नही."

हसले, दिगू. चोपड्यापेक्षा जोरात हसले. पुढच्या खुर्च्यांतून सुरू झालं आणि मागे पसरत गेलं. मला पुढचं वाक्य सुचेना. विंगेतून सांगत होते ते ऐकू येईना. आणि त्या हशातच बायकांच्या बाजूनं आवाज आला. ओरडून नाही, शेजारणीशी बोलावं तसा.

"मन्हा बी नही उना, वं बहीण."

ती उभी राहिली होती. माझ्याकडेच बघत होती. मी कोण आहे हे ती विसरली होती की तिला पक्कं माहीत होतं, देव जाणे. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. शेजारच्या बायांनी तिला धरून खाली बसवलं.

मांडवातलं हसू थांबलं. मी पुढचं वाक्य म्हटलं. त्याच्या पुढचं म्हटलं. पडदा पडेपर्यंत सगळं तुझं नाटक तू बसवलं होतंस तसंच्या तसं झालं आणि पुन्हा कोणी हसलं नाही. मामलेदार डोळे पुसत आत आले. नाना भिंतीला टेकून रडत होते. आता सगळे म्हणतायत, दिगंबर जिंकला.

पण हसू तुझ्या नाटकानं थांबलं की तुझ्या मायनं? ती नसती आली तर? मी म्हणतो, थांबलं नसतं. तू म्हणशील, थांबलंच असतं, तू दुसरं वाक्य म्हणायला हवं होतंस. मी म्हणेन, तू तिथं नव्हतास, तुला काय ठाऊक. त्यावर तू काहीतरी म्हणशील आणि ते मला सुचत नाहीये, दिगू. परवापासून बसलोय, तुझ्या बाजूचं मला सुचतच नाहीये.